गोळी सुरू झाली, आता काम द्या



जिल्हा बैठकीत भाव, वीज, विमा आणि कर्ज या चार विषयांच्या पलीकडे जायला वेळ उरत नाही. तरी या खेपेला पाचवा विषय मांडतो आहे. मनाच्या आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा कामाला आणि शिक्षणाला कसे लावायचे, हा तो विषय. हे काम दवाखान्याचे, आपले नव्हे, असे काही जण म्हणतील. दवाखान्याचे जे आहे ते दवाखान्याने करावेच. पण दवाखाना गोळी देऊ शकतो, रोजमजुरी देऊ शकत नाही. ती द्यायची तर गावातच द्यावी लागते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करून ठेवतो. कापूस तोट्यात विकून कर्जात बुडालेल्या कास्तकाराला 'तुझे मन कमकुवत झाले, समुपदेशन घे' असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. खचलेल्या माणसाला आधार मिळाला तर वाईट काहीच नाही, पण कर्जाचे उत्तर भावात आहे, सल्ल्यात नाही. मी बोलतो आहे ते दुसऱ्या आजारांबद्दल. स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता, किंवा उन्माद आणि उदासीनता यांचे फेरे आणणारा बायपोलर आजार, हे कापसाला चांगला भाव मिळाला तरी येतात. बागायतदाराच्या घरी येतात, कोरडवाहूच्याही घरी येतात. फरक पडतो तो आजार आल्यानंतर.

हे आजार बहुधा सतरा-अठरापासून तिशीपर्यंतच्या वयात डोके वर काढतात. म्हणजे पोरगा बारावीला असतो, आयटीआयला असतो, पोरीचे लग्न ठरलेले असते. आधी बाहेरची बाधा समजून देवऋषी, मग या देवस्थानाची वारी, मग त्या दर्ग्याची. यात एखादे एकर जाते, बैलजोडी जाते. मग कोणीतरी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेतो. गोळ्या सुरू होतात, झोप लागते, आवाज येणे थांबते. महिन्याला एक खेप, रुग्णाबरोबर एक माणूस, म्हणजे दोघांचे मिळून वर्षाचे चोवीस रोज बुडाले, एस.टी.चे भाडे वेगळे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात वेगवेगळ्या आजारांत शंभरातली ७० ते ९२ माणसे उपचाराविना आढळली. तेव्हा जो गोळीपर्यंत पोचला तो नशीबवानच म्हणायचा.

पण घरी आल्यावर तो काय करतो? ओट्यावर बसतो. 'आता बरा आहे ना, मग बसू द्या,' असे घरचे म्हणतात. सहा महिने बसतो, वर्ष बसतो. बरोबरीची पोरे कामाला लागतात, त्यांची लग्ने होतात. याला पानटपरीवर कोणी चहा विचारत नाही. सगळे सुरळीत वाटते म्हणून एक दिवस गोळ्या बंद होतात, आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गोळी सुटणे हे आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे, हे डॉक्टर सांगतातच. मी त्यात एवढीच भर घालतो की, ज्याला सकाळी उठून जायला ठिकाण नाही त्याला गोळी चालू ठेवायला कारणही उरत नाही.

शेतीत काम सगळ्यांनाच असते, असे आपण समजतो. त्यात तथ्य होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या शेवटी नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास सुरू केला. भारतातले केंद्र आग्र्याला होते. दोन आणि पाच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा आग्रा आणि नायजेरियातले इबादान इथले रुग्ण लंडन, वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा बऱ्या अवस्थेत सापडले. का, याची अनेक कारणे सांगितली गेली. त्यातले एक असे की, शेतकरी कुटुंबात माणूस जेवढे झेपेल तेवढे करतो आणि त्याला कोणी कामावरून काढत नाही. पुढे या निष्कर्षावर तज्ज्ञांनी शंका घेतल्या, गरीब देशांतले सगळे रुग्ण असे सुखात नसतात हेही दाखवले. माझ्या मते आपण त्या जुन्या कौतुकावर विसंबून राहू नये. एकत्र कुटुंब मोडले, सालदार गेला, डवरणीच्या जागी तणनाशक आले, मळणी यंत्राने एका दिवसात उरकते. झेपेल तेवढ्या कामाची जागा शेतात कमी कमी होत चालली आहे. ती आता ठरवून करावी लागेल.

राखणीला बसवू नका

आजारातून उठलेल्या पोराला घरचे काम देतात तेव्हा कोणते देतात, ते पाहा. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे हाकलायला माळ्यावर बसवतात, किंवा रानडुकरांसाठी रात्रीच्या जागलीला धाडतात. 'बसून तर राहायचे, याला काय कष्ट?' हा हिशेब अगदी उलटा आहे. जागलीने झोप मोडते, आणि बायपोलर आजारात झोप मोडणे हे उन्मादाचा झटका येण्याचे ठाऊक असलेले कारण आहे. शिवाय रात्रभर रानात एकटे. ज्याच्या कानात कालपर्यंत आवाज येत होते त्याला अंधारात एकटे बसवणे म्हणजे औषधावर पाणी टाकणे आहे. ज्याला हलके काम समजतो ते त्याच्यासाठी सर्वांत जड काम असते.

उलट वेचणीचे पाहा. वेचणी दिवसा, चार माणसांत, बोलत बोलत होते. मजुरी किलोवर. त्याने पंधरा किलो वेचला तर पंधरा किलोचे पैसे, शेजारणीने पन्नास वेचला तर तिला पन्नासचे. त्याच्या सावकाशीचा भुर्दंड मालकावर पडत नाही, टोळीवर पडत नाही, आणि उद्या सोळा किलो झाला तर काट्यावर तो स्वतः पाहतो. आजारातून उठणाऱ्याला याहून चांगले काम मला तरी आपल्या शेतात दिसत नाही. अडचण एवढीच की वेचणी दोन-तीन महिन्यांची.

ही जागा ठरवून कशी करता येते, याचा एक नमुना मी वाचला आहे तो इथे सांगतो. तो अमेरिकेतला आहे आणि शहरातला आहे, तरी त्यातली युक्ती आपल्या कामाची आहे.

न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड या सरकारी मनोरुग्णालयातून सुटलेले काही रुग्ण १९४० च्या दशकात एकमेकांना भेटू लागले. 'आम्ही एकटे नाही' असे त्यांनी आपल्या गटाचे नाव ठेवले. १९४८ मध्ये त्यांना एक घर मिळाले. मागच्या अंगणात कारंजे होते म्हणून त्याचे नाव फाउंटन हाउस पडले. १९५५ मध्ये जॉन बियर्ड हे समाजकार्यकर्ते त्याचे संचालक झाले आणि कामाला आकार आला. तिथे येणाऱ्याला रुग्ण म्हणत नाहीत, सभासद म्हणतात. स्वयंपाक, हिशेब, टपाल, झाडलोट हे सभासद आणि पगारी कार्यकर्ते बरोबरीने करतात. माणसे मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे सभासद आला नाही तर काम खरोखरच अडते. मनोरुग्णालयात वेळ जावा म्हणून मेणबत्त्या आणि पाकिटे करायला लावतात त्यात आणि यात हाच फरक आहे. ती पाकिटे कोणाला नको असतात, आणि करणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

पुढे त्यांनी जे काढले त्याला ते संक्रमणकालीन रोजगार म्हणतात. आपण त्याला उंबरठ्याचे काम म्हणू. फाउंटन हाउस एखाद्या दुकानाकडून, कचेरीकडून एक साधी नोकरी मागून घेते. ती नोकरी एका माणसाची नसते, संस्थेची असते. सभासद तिच्यावर सहा ते नऊ महिने जातो, आठवड्याला पंधरा-वीस तास. मुलाखत नाही, आधी कुठे काम केले याची चौकशी नाही. मजुरी इतरांना असते तीच, आणि ती मालकच देतो. काम आधी संस्थेचा कार्यकर्ता स्वतः शिकतो, मग सभासदाला शिकवतो. सभासदाचा एखादा दिवस वाईट गेला, तो येऊ शकला नाही, तर त्याच्या जागी कार्यकर्ता किंवा दुसरा सभासद उभा राहतो. मालकाचा खाडा कधी होत नाही. काम झेपले नाही तर तो नापास धरला जात नाही. काही दिवसांनी दुसऱ्या जागी पुन्हा जातो. मुदत संपली की तो पुढच्या कायमच्या कामाकडे वळतो आणि जागा दुसऱ्याला मिळते.

यातले मला सर्वांत शहाणपणाचे वाटते ते खाड्याचे कलम. आपण अशा माणसाला कामावर का घेत नाही? त्याच्याविषयी द्वेष असतो म्हणून नव्हे. ऐन हंगामात तो आला नाही तर काय, ही धास्ती असते. ती धास्ती गटाने उचलली की मालकाला नाही म्हणायला कारण उरत नाही. आपल्याकडे हे नवीन नाही. सावड आणि इर्जिक यांचा पाया हाच होता. एकाचे अडले की दुसरा उभा राहायचा. आता मजुरी रोखीची झाली म्हणून सावड मोडली, पण ती कशी असते हे साठीतल्या माणसांना सांगावे लागणार नाही.

मी शेतीशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून हे मला मिरची-वांग्याच्या रोपासारखे दिसते. गादीवाफ्यावरचे रोप एकदम उन्हात लावले तर कोलमडते. आधी पाणी कमी करायचे, सावली काढायची, रोप कणखर करायचे, मग लावायचे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोप वाफ्यावर जास्त दिवस राहिले तर ते जून होते, मुळ्या गुंततात आणि शेतात लागत नाही. नेमका हाच आक्षेप उंबरठ्याच्या कामावर घेतला गेला. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी दुसरी रीत मांडली. तिच्यात वाफा नाहीच. ज्वारीसारखे थेट पेरायचे. माणूस काम करायचे म्हणतो ना, मग त्याला त्याच्या आवडीच्या खऱ्या नोकरीवर सरळ लावा आणि शिकवणे, सांभाळणे हे नोकरीवर असतानाच करा. ही रीत युरोपातल्या सहा केंद्रांत ३१२ रुग्णांवर तपासली गेली आणि निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण प्रयोगाचे प्लॉट चिठ्ठ्या टाकून पाडतो तसेच रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन रीतींत वाटले होते. थेट नोकरीच्या रीतीत शंभरातल्या ५५ जणांनी निदान एक दिवस तरी खुल्या बाजारातले काम केले, आधी प्रशिक्षण मग नोकरी या जुन्या रीतीत २८ जणांनी.

मग आपण कोणती घ्यावी? जिथे नोकऱ्या आहेत तिथे थेट पेरणी सरस, याबद्दल वाद नको. पण आपल्या महसूल मंडळात महिन्याच्या पगाराची जागा शोधायला निघालो तर बोटावर मोजण्याइतक्या निघतील, आणि त्यासाठी रांग लागलेली आहे. पहिली जागा आपल्यालाच तयार करावी लागेल, म्हणून सुरुवात उंबरठ्याच्या कामाने. मात्र तिची मुदत पाळायची. सहा महिन्यांच्या वर माणूस तिथेच अडकला तर ती सोय राहत नाही, खोडा होतो. आणि जो म्हणेल, मला उंबरठा नको, मी उद्यापासून माझे चार एकर करतो, त्याला अडवायचे नाही.

आपल्याकडे कोणत्या जागा?

जागा शोधताना जिनिंगचे नाव आधी येईल. गोळ्या घेणाऱ्या माणसाला रेचे आणि प्रेस यांच्याजवळ उभे करू नका. पहिल्या महिन्यांत गुंगी असते, आणि तिथे फिरत्या यंत्रात हात जायला एक क्षण पुरतो. पण फाटकावर गाड्यांची आवक नोंदणे, काट्याच्या पावत्या लावणे, कवडी वेगळी काढणे ही कामे त्याच आवारात आहेत. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांत आणि कृषी सेवा केंद्रांत साठ्याची वही, बियाण्याच्या पिशव्यांची मोजदाद ही कामे आहेत. मात्र कीटकनाशकाच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे नको. खरे तर ती घराघरांत कुलपाआडच असली पाहिजे, आजारी माणूस घरात असो वा नसो.

गावपातळीवर माझ्या डोळ्यांसमोर तीन कामे आहेत आणि तिन्ही आज कोणीच धड करत नाही. पहिले, पर्जन्यमापकाची रोज सकाळी साडेआठची नोंद. मंडळाच्या ठिकाणचा पाऊस आणि आपल्या शिवारातला पाऊस यांत किती फरक असतो हे विम्याच्या वेळी कळते, तेव्हा आपल्याजवळ वही नसते. दुसरे, कामगंध सापळे. हेक्टरी पाच सापळे लावायचे आणि गुलाबी बोंडअळीचे नर पतंग रोज मोजायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ झाली. ही मोजणी गावात होत नाही म्हणून कोणी दुकानदाराच्या सांगण्यावरून आधीच फवारतो, कोणी बोंडे किडल्यावर. तिसरे, पेरणीआधी उगवण चाचणी. घरच्या ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाणी शिंपडत राहायचे, दहाव्या दिवशी किती उगवले ते मोजून शेतकऱ्याला चिठ्ठी द्यायची.

ही कामे मी सोपी म्हणून निवडलेली नाहीत. ती ठरावीक वेळेची आहेत, दीड-दोन तासांत होतात, चार दारी जावे लागते, बोलावे लागते, आणि चुकली तर गावाचे नुकसान होते. त्याने मोजलेला आकडा सायंकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला की काल 'येडा' म्हणणारा आज त्याला विचारतो, 'भाऊ, किती पतंग पडले?'

मजुरीचा मुद्दा मात्र पक्का करा. 'त्याला दोन वेळची भाकर मिळते, पैसे घेऊन तो काय करणार?' असे म्हणून वर्षानुवर्षे फुकट राबवून घेतलेली माणसे आपल्याच गावात आहेत. बेल्जियमच्या गील गावाचा दाखला जगभर देतात. तिथले शेतकरी कित्येक शतके मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेत आले. १९३० च्या दशकात त्या एका गावात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे राहत होते, शेतावर राबत होते. साखळदंडापेक्षा ते कितीतरी बरे होते, आणि त्या शेतकऱ्यांची माणुसकी मोठी होती. पण स्वस्तात हात मिळाले, हीही त्यातली एक बाजू होती. आपण आयुष्यभर आपल्या घामाची किंमत मागत आलो. सभासद तीन तास काम करील तर तीन तासांचा रोज गावच्या दराने, त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात. यात सूट नको.

उन्हाची आणि फवारणीची खबरदारी

हे कलम दवाखान्यात सहसा कोणी सांगत नाही, कारण डॉक्टरांना आपले काम ठाऊक नसते. बायपोलर आजारात लिथियम देतात. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की हे औषध रक्तात साचून विषारी पातळीला जाऊ शकते. एप्रिल-मेमध्ये पऱ्हाट्या उपटायला लावले, दिवसभर घाम गेला, वरून जुलाब लागले, तर जिवावर बेतते. हात जोरात थरथरू लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच गोळ्यांनीही उष्णता सहन करण्याची शक्ती कमी होते. म्हणून उन्हाळ्यात काम सकाळी, पाणी जवळ, दुपारी सावली.

फवारणी तर अजिबात नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी आणि मजूर गेले, ते कोणी विसरलेले नाही. गोळ्या घेणाऱ्याला चक्कर आली, तोंडाला फेस आला, तर 'त्याचे नेहमीचेच आहे' असे म्हणून लोक वेळ घालवतात, आणि विषबाधेत तेवढाच वेळ हातात असतो.

आणि मायबहिणींबद्दल. मी वर 'पोरगा, पोरगा' लिहीत आलो, कारण ओट्यावर बसलेला पोरगाच दिसतो. बाई बसलेली दिसत नाही, कारण तिला बसू देतच नाहीत. पुरुष दवाखान्यातून आला की त्याला महिनाभर विश्रांती. बाई आली की दुसऱ्या दिवशी चूल, आणि चौथ्या दिवशी निंदणाला. तिने ते नेटाने केले तर 'बरी झाली', हात चालला नाही तर माहेरी रवानगी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विशिष्ट स्वरूपाचा मनोविकार हे घटस्फोटाचे कारण आहे, पण गावात कोर्टापर्यंत जावेही लागत नाही. एस.टी.त बसवून दिले की प्रकरण मिटते. माहेरी तिच्या नावावर जमीन नाही, भावाच्या घरात ती ओझे. अशा बाईला उंबरठ्याचे काम हवे ते स्वतःच्या नावाची मजुरी मिळावी म्हणून. काम तिच्याकडे आधीच ढीगभर आहे, फक्त त्याला कोणी काम म्हणत नाही. तेव्हा दोन जागांतली एक बाईची, असे धरूनच चालावे.

अर्धवट सुटलेले शिक्षण

आजार बारावीत आला तर शिक्षण तिथेच तुटते आणि पुढे कोणी विषय काढत नाही. 'डोक्याला ताण नको' हे घरच्यांचे उत्तर ठरलेले. त्या पोराची हुशारी आजाराने पुसली जात नाही. लक्ष लागणे, सलग वाचणे हे काही काळ अवघड जाते एवढेच. १९८० च्या दशकात बॉस्टन विद्यापीठात अशा तरुणांना पुन्हा वर्गात बसवण्याचे पद्धतशीर काम सुरू झाले. त्यांना वेगळी शाळा काढून दिली नाही. इतरांच्याच वर्गात बसवायचे आणि पाठीशी एक माणूस ठेवायचा, ही ती पद्धत.

आपल्याकडे दारे आहेत, दाखवणारा नाही. बाहेरून दहावी-बारावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकदा नाव घातले की पाच वर्षांत, नऊ संधींमध्ये, एकेक विषय सोडवता येतो. आजारातून उठणाऱ्याला असा एकेक विषय हवाच असतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के जागांत तो बसतो आणि वयाची अट पाच वर्षांनी सैल होते. गावातल्या एखाद्या निवृत्त गुरुजींनी असा एक मुलगा घ्यावा. फॉर्म भरणे, पहिला विषय त्याच्या आवडीचा निवडणे, सकाळी गुंगी असते म्हणून अभ्यास दुपारी लावणे, परीक्षेच्या दिवशी केंद्रापर्यंत बरोबर जाणे. याला पैसा लागत नाही.

प्रमाणपत्राबद्दल मात्र सावधपणे. घरच्यांची भीती असते की काम करताना दिसला तर संजय गांधी निराधार योजनेचे पैसे बंद होतील. योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहेच, तेव्हा भीती अगदी खोटी नाही. माणूस कमवू लागला की आधार काढून घेणारी योजना त्याला ओट्यावरच बसवून ठेवते. उंबरठ्याच्या कामाची मजुरी त्या उत्पन्नात धरू नये, ही मागणी आपण केली पाहिजे, आणि तोवर तहसीलमध्ये नीट चौकशी करूनच नाव घालावे.

सरकारचे काय, असे विचाराल. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. बरा झालेला माणूस केवळ घरचे नेत नाहीत म्हणून मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे, बाहेर पडल्यावर मधल्या टप्प्याची निवासस्थाने सरकारने द्यायची, साखळीने बांधणे गुन्हा, असे सगळे त्यात लिहिले आहे. हा शेवटचा मुद्दा कशामुळे आला? २००१ मध्ये तमिळनाडूच्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे पळता न आल्याने जळून मेली. कायदा चांगला आहे. पण येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांतून सुटलेला माणूस एस.टी.तून आपल्या फाट्यावर उतरतो, तिथून पुढे कायद्याचा रस्ता कच्चा आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवते. त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचवण्याचे काम त्यांनी केले. घरी पोचल्यानंतरचे गावाने करायचे आहे.

गावातली साधी, शिकवून तयार केलेली माणसे हे करू शकतात का? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल घरोघर बोलायला सुरुवात केली. उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ४.३ होते, ते दीड वर्षात २७.२ झाले. स्किझोफ्रेनियासाठी गोवा, सातारा आणि तमिळनाडू इथे २८२ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०१४ मध्ये आला. दवाखान्याच्या जोडीला घरी येणारा प्रशिक्षित कार्यकर्ता ज्यांना मिळाला त्यांची लक्षणे आणि परावलंबन वर्षभरात इतरांपेक्षा जास्त उतरले. फरक माफक होता, चमत्कार नव्हता. पण वाण बदलल्याने एकरी अर्धा क्विंटल वाढत असेल तर आपण तो वाण सोडत नाही.

तर जिल्हा बैठकीपुढे माझा प्रस्ताव असा. प्रत्येक तालुक्याने उंबरठ्याच्या दोन जागा धराव्यात. एक आपल्याच लोकांच्या कंपनीत, जिनिंगमध्ये किंवा सेवा केंद्रात. दुसरी गावपातळीवर, पाऊस, सापळे आणि उगवण चाचणीची. रोज तीन तास, सहा महिने, गावच्या दराने मजुरी. खाडा झाला तर उभा राहणारा जोडीदार आधी ठरवायचा आणि त्याचा रोज तालुका निधीतून द्यायचा. माणूस स्वतः हो म्हणाला तरच, आणि डॉक्टरांना विचारूनच. कोणाला आज रात्रीच बोलायची गरज वाटली तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. तो सभेच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

बैठकीला येताना आजारी माणसांची नावे लिहून आणू नका. ती सभेत वाचली जाणार नाहीत. जागांची यादी आणा. कुठे, किती वाजता, रोज किती, खाडा झाला तर कोण उभा राहील, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक जागेपुढे लिहिलेल्या असाव्यात.